युरेनियमच्या साठ्यातलं पाणी आणि दिंडोरीचा बोअर

प्रश्न नाशिकच्या एका एमएस्सी भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचा आहे. युरेनियमच्या साठ्यातून झिरपणाऱ्या भूजलाचं रसायन तिथल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाने खरंच बदलतं का, की पुस्तकांत उगाच फुगवून सांगतात? त्याच्या शेपटाला दुसरा प्रश्न बांधलाय. दिंडोरीकडे घरची द्राक्षबाग आहे, बोअरच्या पाण्याच्या रिपोर्टात यंदा ‘युरेनियम’ असा नवा रकाना आलाय, वडील घाबरलेत, त्यांना काय सांगू?

वडिलांना आधी सांगा, घाबरू नका. का ते शेवटी येईल. पहिल्या प्रश्नाला जरा वेळ लागेल, कारण त्यात एक गंमत दडलेली आहे आणि ती गणित केल्याशिवाय दिसत नाही.

एक समजूत आधी बाजूला ठेवू. युरेनियमचे किरण पाण्यातून गेले म्हणून पाणी किरणोत्सर्गी होत नाही. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन चमकत नाही, तसंच हे. साठ्यातल्या पाण्यात जे काही किरणोत्सर्गी सापडतं ते खडकातून विरघळून किंवा निसटून आलेलं असतं. किरणांचं काम वेगळं. ते पाण्याचे रेणू फोडतात. याला रेडिओलिसिस म्हणतात.

हे काम मुख्यतः अल्फा कण, म्हणजे फुटणाऱ्या अणूतून सुटणारे जड कण करतात, आणि त्यांचा पल्ला फारच तोकडा. खडकात पंचवीस-तीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पाण्यात चाळीसच्या आसपास. माणसाच्या केसाची जाडीसुद्धा याहून जास्त भरते. हा पल्ला तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ग्रॅनाइटची पातळ चकती असेलच. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातला काळा अभ्रक शोधा. त्यात झिरकॉन या खनिजाचा एखादा बारीक दाणा अडकलेला असतो आणि दाण्याभोवती काळपट वलय दिसतं, कागदावर तेलाचा थेंब पसरावा तसं. झिरकॉनमधल्या युरेनियम-थोरियमच्या अल्फा कणांनी कोट्यवधी वर्षं भाजून काढलेला तो अभ्रक आहे. वलय जिथे संपतं तिथे अल्फा कणाचा दम संपतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी हे वलय आधी दाखवतो, समीकरणं नंतर. आता अभ्रकाच्या जागी खडकाच्या भेगेतलं पाणी कल्पा. युरेनियमच्या खनिजाला लागून असलेला पाण्याचा तेवढा पातळ पापुद्राच काय तो मार खातो. त्यापलीकडच्या पाण्याला काही कळतही नाही.

त्या पापुद्र्यात पाण्याचा रेणू फुटला की अर्धवट तुकडे तयार होतात आणि क्षणार्धात एकमेकांशी जुळून दोन टिकाऊ पदार्थ उरतात : हायड्रोजन वायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड तुमच्या घरात असणार. ठिबकच्या नळ्यांत शेवाळ धरलं की बागाइतदार जे सोडतात तेच हे. जखमेवर टाकल्यावर फेसाळतं तेही हेच. कडक ऑक्सिडायझर, म्हणजे समोरच्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन काढून घेणारा. आणि युरेनियमच्या बाबतीत सगळा खेळ ऑक्सिडेशनचा आहे. चार इलेक्ट्रॉन गमावलेलं चौसंयुजी युरेनियम, म्हणजे युरॅनिनाइट या त्याच्या मुख्य खनिजातलं, पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तेच आणखी दोन गमावून षट्‌संयुजी झालं की ऑक्सिजनशी जोडलेलं युरॅनिल बनून पाण्याबरोबर चालायला लागतं. म्हणजे युरेनियम स्वतःच्याच किरणांनी स्वतःला विरघळवणारं औषध बनवतं. इथपर्यंत पुस्तकात असतं, आणि विद्यार्थी इथेच थांबतात.

आता हिशोब करू. पाटीवर करता येईल इतका सोपा आहे.

एक ग्रॅम नैसर्गिक युरेनियम, त्याची सगळी पिलावळ (ते फुटत जाताना बनणारी मूलद्रव्यं) बरोबर धरून, सेकंदाला साधारण एक लाख अल्फा कण सोडतं. (युरेनियम-२३८ पासून शिशापर्यंतच्या साखळीत आठ अल्फा येतात, त्यामुळे एवढे.) झारखंडमधल्या जादुगुडासारख्या ठिकाणची प्रत, म्हणजे खनिजातलं युरेनियमचं प्रमाण, ०.०५ टक्क्याच्या आसपास धरा. एक किलो खनिजात अर्धा ग्रॅम युरेनियम, म्हणजे सेकंदाला पन्नास हजार अल्फा. यातली बहुतेक ऊर्जा खडकातच जिरते. भेगांतल्या पाण्याच्या वाट्याला एक टक्का आली असं धरू, म्हणजे पाचशे अल्फांइतकी. एक अल्फा कण सुमारे ५० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक), आणि पाण्यात दर शंभर इलेक्ट्रॉनव्होल्टला पेरॉक्साइडचा साधारण एक रेणू पडतो. एका अल्फामागे पन्नास हजार रेणू. पाचशेने गुणलं की सेकंदाला अडीच कोटी. ऐकायला भरपूर वाटतं. वर्षभराची बेरीज करा आणि ग्रॅममध्ये मोडा : एका ग्रॅमचा साधारण सव्वादोन कोटीवा भाग.

याच्या शेजारी पावसाचं पाणी ठेवा. एक लिटर ताज्या पावसाच्या पाण्यात सुमारे आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तेवढा ऑक्सिजन जितकं ऑक्सिडेशन करील, तितकं करायला त्या एक किलो खनिजातल्या किरणोत्सर्गाला पावणेचार लाख वर्षं लागतील. एका लिटरशी बरोबरी करायला. म्हणून उथळ साठ्यात, जिथे दर पावसाळ्यात नवं पाणी उतरतं, तिथे रेडिओलिसिसचं नावही काढायचं कारण नाही. तिथे युरेनियम विरघळतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे.

इथे थांबलात तर ‘पुस्तकात फुगवून सांगतात’ हे तुमचं म्हणणं खरं ठरेल. पण हाच हिशोब उलट्या बाजूने करा. साठा खोल आहे, पाऊस तिथवर पोचत नाही, आणि त्याचं वय शंभर कोटी वर्षं आहे. वर्षाला सव्वादोन कोटीवा भाग, गुणिले शंभर कोटी. किलोमागे पेरॉक्साइड भरतं पंचेचाळीस ग्रॅम! त्या किलोत युरेनियम होतं अर्धा ग्रॅम. तेवढ्या पेरॉक्साइडने ते सगळं सहाशेहून जास्त वेळा विरघळून जायला हवं होतं. मग साठा अजून जागेवर कसा?

माझ्या मते हाच या विषयातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या दुसऱ्या पदार्थात आहे. किरण पाणी फोडतात तेव्हा विष आणि उतारा एकाच वेळी तयार होतात. जितकं पेरॉक्साइड, साधारण तितकाच हायड्रोजन. दोघं एकमेकांजवळ राहिले तर मधल्या तुकड्यांच्या मदतीने परत पाणी होतात आणि खातं कोरं. युरेनियम सुटायचं तर ही जोडी आधी फुटायला हवी. हायड्रोजन हा सगळ्यात हलका आणि चपळ रेणू. भेग उघडी असेल, पाणी वाहतं असेल, तर तो आधी निसटतो आणि मागे ऑक्सिडायझर उरतो. भेगा मातीने बुजलेल्या असतील तर दोघं कोंडले जातात आणि फारसं काही घडत नाही. त्यातून जो ऑक्सिडायझर उरतो त्याला वाटेत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) भेटतं, लोह भेटतं, सेंद्रिय कार्बन भेटतो. युरेनियमपर्यंत पोचायच्या आधीच तो खर्ची पडतो.

खर्च कुठे झाला तेही दिसतं. झारखंडच्या सिंहभूममध्ये नवा असताना ड्रिलचा कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला खडकाचा दांडा, ओला करून भिंगाखाली धरायची सवय एका वरिष्ठांनी लावली होती. ‘आधी रंग बघ, मग मीटर लाव,’ म्हणायचे. काळ्या खनिजाच्या शिरेला लागून कधी कधी विटकरी रंगाची, नखाच्या कडेइतकी बारीक पट्टी दिसते. ते हेमटाइट, लोहाचं लाल ऑक्साइड. तिथल्या लोहाचं ऑक्सिडेशन झालेलं असतं. अर्थात लाल दिसलं की लगेच किरणोत्सर्गाच्या नावावर खपवू नका, गरम खनिजद्रवांनीही तसा रंग येतो. आणि कसारा घाटातल्या कापांत दोन लाव्हाथरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो त्याचा तर किरणोत्सर्गाशी काडीचा संबंध नाही. ती दोन उद्रेकांमधल्या काळात उघड्यावर कुजलेली, नंतर वरच्या लाव्ह्याने भाजलेली माती. नाशिकच्या पोरांना तो पट्टा लहानपणापासून रेल्वेतून दिसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रंगापेक्षा पक्का पुरावा क्वार्ट्‌झमध्ये सापडतो. स्फटिक वाढताना त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात. गॅबन आणि कॅनडातल्या युरेनियम साठ्यांच्या क्वार्ट्‌झमध्ये अशा थेंबांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन्ही वायू मिळाले आहेत. एरवी निसर्गात ही जोडी एका थेंबात बंद सापडायचं काही कारणच नाही.

कॅनडाचा सिगार लेक साठा या सगळ्याची उत्तम प्रयोगशाळा आहे. जमिनीखाली साधारण ४३० मीटर, वय सुमारे १३० कोटी वर्षं, प्रत जादुगुडाच्या शेकडो पट. आणि वर जमिनीवर त्याचा किरणोत्सर्गी मागमूस नाही. साठ्याभोवती मातकट खनिजांचं कवच आहे, आणि आजूबाजूच्या वालुकाश्मातून पाणी वाहत असूनही त्यात युरेनियम अगदी किरकोळ आहे. अणुकचरा खोल पुरण्याचा विचार करणाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून तो बारकाईने अभ्यासला. सुरुवातीच्या गणितांतून जितकं ऑक्सिडेशन निघत होतं त्याच्या कितीतरी कमी प्रत्यक्षात सापडलं. वर केलेला हिशोब आणि त्यांचा हिशोब एकाच कारणाने फसला : जोडी परत जुळते, हे कमी लेखलं गेलं.

गॅबनमधल्या ओक्लो खाणीचा उल्लेख तुम्ही प्रश्नात केलाय, म्हणून दोन ओळी. १९७२ मध्ये फ्रान्सच्या कारखान्यात गॅबनच्या खनिजात युरेनियम-२३५ नेहमीच्या ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ भरलं, आणि त्या एवढ्याशा फरकावरून कळलं की सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी तिथे अणुभट्टी आपोआप पेटली होती. भूजलच तिथे न्यूट्रॉनचा वेग कमी करत होतं. पाणी उकळून गेलं की भट्टी विझायची, पाणी परत आलं की पेटायची. रोमहर्षक आहे, पण अपवाद आहे. प्रबंधात नेहमीच्या साठ्यांसाठी ओक्लोचे आकडे वापरू नका.

हायड्रोजनचं पुढे काय होतं ही मला सगळ्यात आवडणारी बाजू. दक्षिण आफ्रिकेच्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर भेगांतल्या पाण्यात जिवाणू सापडले. तिथे सूर्यप्रकाश नाही आणि वरून येणारं अन्नही नाही. त्या खडकांत सोन्याबरोबर युरेनियमही आहे. किरण पाणी फोडतात, हायड्रोजन मिळतो. पेरॉक्साइड पायराइटवर पडतं, सल्फेट तयार होतं. जिवाणू हायड्रोजन खातात आणि सल्फेटवर श्वास घेतात. म्हणजे आपण ज्याला विष आणि उतारा म्हटलं, त्या दोन्हींवर कुणाचा तरी संसार चाललाय. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की जोडी फुटायचा हा आणखी एक मार्ग आहे. हायड्रोजन निसटून जायची गरज नाही, तो खाल्ला गेला तरी चालतं. पण त्या जिवाणूंनी सोडलेला सल्फाइड पाणी पुन्हा रिड्यूसिंग, म्हणजे ऑक्सिडेशनच्या उलट वळणाचं, करतो. कुठल्या बाजूला पारडं झुकतं ते त्या त्या जागी मोजूनच ठरतं.

आता रसायनाच्या बाहेरचा एक परिणाम, जो प्रत्यक्ष कामात रेडिओलिसिसपेक्षा जास्त उपयोगी पडतो. अल्फा कण सुटला की मागे राहिलेला अणू उलट्या दिशेला धक्का खातो, बंदुकीचा दस्ता खांद्याला बसतो तसा. युरेनियम-२३८ मधून अल्फा गेला की मागचा थोरियम-२३४ वीस-पंचवीस नॅनोमीटर मागे फेकला जातो. दाण्याच्या काठावर असेल तर थेट पाण्यात पडतो, आत असेल तर स्फटिकाच्या फुटक्या-तुटक्या जाळीत सैल अडकतो. काही महिन्यांत त्याचं युरेनियम-२३४ होतं, आणि हे सैल अणू पाण्याला आधी सापडतात. जुन्या बंद खडकात २३४ आणि २३८ ची क्रियाशीलता (सेकंदाला फुटणाऱ्या अणूंची संख्या) सारखी, म्हणजे गुणोत्तर एक. भूजलात ते दीड-दोन सर्रास, कधी दहाच्याही वर. सोव्हिएत शास्त्रज्ञ चेर्डिन्त्सेव यांनी १९५० च्या दशकात हे दाखवलं. गुणोत्तर एकच्या जवळ असेल आणि युरेनियम भरपूर, तर खडक जोरात ऑक्सिडाइझ होतोय, पाणी सरसकट सगळं उचलतंय. गुणोत्तर मोठं आणि युरेनियम कमी, तर पाणी जुनं, संथ, रिड्यूसिंग. पाण्याने काय केलं आणि किरणोत्सर्गाने काय केलं, हे वेगळं करून दाखवणारं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

युरेनियमच्याच साखळीतल्या रेडॉन आणि रेडियमबद्दल थोडक्यात. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, तो वायू आहे, पाण्याच्या रसायनात भाग घेत नाही, हलवलं की उडून जातो. रेडियम ऑक्सिडेशनला दाद देत नाही. खारट पाण्यात टिकतं, सल्फेट आणि बेरियम मिळाले की त्यांच्याबरोबर खाली बसतं. युरेनियम जिथे जास्त तिथे रेडियमही जास्त, असं गृहीत धरलंत तर फसाल.

नमुने घेणार असाल तर माझी एक चूक ऐकून ठेवा. एका कॅम्पवर मी खोल बोअरचं स्वच्छ, रंगहीन पाणी बाटल्यांत तीन चतुर्थांश भरलं, आम्ल घातलं नाही, आणि दोन दिवस जीपमध्ये ठेवलं. उघडून पाहतो तर तळाला विटकरी साका. बाटलीतल्या हवेने लोह खाली बसलं होतं आणि बसताना बरंचसं युरेनियम ओढून घेऊन गेलं होतं. वरच्या पाण्याचा आकडा छान कमी आला. अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत पाण्यात गेली, अगदी शब्दशः. तेव्हा जागेवरच गाळा, आम्ल घाला, बाटली तोंडापर्यंत भरा. रेडॉक्स (पाणी ऑक्सिडेशनकडे झुकलंय की उलट, त्याचं माप) आणि विरघळलेला ऑक्सिजन पाणी हवेला लागायच्या आत, वाहत्या नळीतच मोजा. हायड्रोजनसाठी वेगळी बंद बाटली लागते. आणि वाहतं पाणी किमान तासभर जाऊ द्या, पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी हे भूजल नव्हे.

आता वडिलांचा बोअर.

नाशिक जिल्हा जवळपास सगळा बेसॉल्टवर बसलाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बेसॉल्टमध्ये युरेनियम दहा लाखांत एक भागाहूनही सहसा कमी असतं. ग्रॅनाइटमध्ये तीन-चार, आणि वर जे खनिज हिशोबाला धरलं त्यात पाचशे. म्हणजे मूळ मालच कमी. रेडिओलिसिसचा तर प्रश्नच नाही, कारण दिंडोरीच्या दोन-तीनशे फुटांवरच्या पाण्यात पावसाचा वाटा ताजा असतो आणि एका लिटरचा पावणेचार लाख वर्षांचा हिशोब तुम्ही वर वाचलाच आहे. भूजलात युरेनियम वाढायचं तर खडकात ते हवं आणि पाण्यात बायकार्बोनेट, कॅल्शियम हवं, कारण त्यांच्याशी संयुग करून ते पाण्यात टिकतं. आपल्याकडे दुसरी अट पुरी होते. भांड्यावर पांढरा थर धरणारं जड पाणी आहेच. पहिली होत नाही.

भारतीय मानकाची मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच. आणि ती किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामाकडे पाहून ठरवलेली आहे, शिशासारख्या जड धातूची असते तशी. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात युरेनियम २.१ आहे आणि समोर एकक मिलिग्रॅम छापलंय. ते खरं असतं तर मर्यादेच्या सत्तरपट झालं असतं, आणि बेसॉल्टमध्ये असा आकडा मी कधी पाहिलेला नाही. त्याच पानावर आर्सेनिक आणि शिसं मायक्रोग्रॅममध्ये आहेत. रकाना चिकटवताना एकक चुकलं असावं. प्रयोगशाळेला फोन करून यंत्राचा मूळ आकडा मागा, आणि मनाची खात्री व्हावी म्हणून दुसरा नमुना दुसरीकडे द्या. घरचा टीडीएस मीटर यात काही सांगणार नाही. पाणी उकळून तर युरेनियम कमी होत नाहीच, उलट वाफ गेल्यामुळे किंचित दाटतं.

आणि त्याच रिपोर्टाच्या चौथ्या ओळीकडे कुणी बघितलेलं दिसत नाही. नायट्रेट लिटरमागे ७२ मिलिग्रॅम. मर्यादा ४५. त्याच्या एककात काही चूक दिसत नाही. घरात लहान बाळ असेल तर त्याच्या दुधासाठी हे पाणी आजपासून बंद करा, उकळूनसुद्धा देऊ नका. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा बोअरपासून गोठा आणि शोषखड्डा किती फुटांवर आहेत, केसिंग किती खोल घातलंय, आणि बागेला युरिया कधी कधी सोडता, हे कळवा.